नेपल्सहून एका दिवसाच्या सहली: आधी परतीची वेळ ठरवा, मग ठिकाण

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्या सहकुटुंब इटलीला निघाल्या आहेत आणि नेपल्सला पाच रात्री मुक्काम आहे. नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात. रविवारी संध्याकाळी रोमहून रेल्वेने पोहोचायचं, शुक्रवारी परत रोम आणि तिथून रात्रीचं विमान. मधल्या चार दिवसांचा बेत त्यांनी असा केलाय: सोमवारी पॉम्पेई (ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन शहर), व्हेसुव्हियस (तोच ज्वालामुखी) आणि सोरेंतो गाव, मंगळवारी काप्री बेट, बुधवारी भाड्याच्या गाडीने अमाल्फी किनाऱ्यावरची पोझितानो, अमाल्फी, रावेल्लो ही गावं, गुरुवारी सकाळी पेस्तुमची ग्रीक मंदिरं आणि दुपारी काझेर्ताचा राजवाडा. क्रम बरोबर आहे का, गाडी घ्यावी का, आणि शाकाहारी माणसांचे जेवणाचे हाल होतील का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, तुमच्या यादीतलं एकही ठिकाण वाईट नाही. अडचण ठिकाणांची नाही, मधल्या जोडण्यांची आहे. नकाशावर नेपल्सचा उपसागर इतका आटोपशीर दिसतो की वाटतं, सकाळी इथे, दुपारी तिथे सहज होईल. पण सोमवारचा तुमचा दिवस पाहा. हॉटेल ते स्टेशन, स्टेशन ते पॉम्पेई, पॉम्पेईहून व्हेसुव्हियसची बस, बसमधून उतरून विवराकडची चढण, परत बस, परत स्टेशन, सोरेंतो, आणि सोरेंतोहून पुन्हा तासाभराहून जास्त रेल्वे. प्रत्येक ठिकाणी वाट पाहणं आलं, रांग आली, स्वच्छतागृह शोधणं आलं. पाहण्यात जाणारा वेळ त्या दिवशी सगळ्यात कमी असेल. गुरुवारी तर पेस्तुम नेपल्सच्या दक्षिणेला आणि काझेर्ता उत्तरेला. दोन्हींच्या मध्ये नेपल्स.

मी दक्षिण इटलीत मराठी कुटुंबांचे लहान गट नेते, आणि बेत आखताना दिवस नेहमी शेवटाकडून मांडते. संध्याकाळी हॉटेलात किती वाजता पाय टेकायचे, हे पहिलं ठरवायचं. मग त्या वेळेला धरून परतीची बोट किंवा गाडी निवडायची, आणि ती शेवटची नको, शेवटून दुसरी हवी. रेल्वेची शेवटची गाडी चुकली तर महागडी का होईना टॅक्सी मिळते. बेटावरची शेवटची बोट चुकली तर रात्र तिथेच काढावी लागते. परतीची वेळ पक्की झाली की मागे मागे येत जेवण, मुख्य ठिकाण आणि निघण्याची वेळ बसवायची. असं केलं की एका दिवसात एकच मोठं ठिकाण बसतं हे आपोआप दिसतं, आणि कोणाला काही गाळायला सांगावं लागत नाही.

काही गोष्टी मात्र माझ्या किंवा तुमच्या हातात नाहीत, त्या आधी सांगते. पहिली, समुद्र. सप्टेंबरअखेर हवा बहुधा छान असते, पण वारा सुटला की आधी वेगवान बोटी रद्द होतात, मोठ्या फेरीबोटी त्यानंतर. दुसरी, संप. इटलीत वाहतुकीचे संप आधी जाहीर करावे लागतात आणि त्यांच्या तारखा परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असतात. बरेचसे शुक्रवारी येतात. फलकावर ‘शोपेरो’ दिसलं की समजा, त्या दिवशी संप आहे. कामाच्या दिवशी संप असला तरी सरकारी रेल्वेच्या प्रादेशिक गाड्या सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात चालवाव्या लागतात, आणि लांब पल्ल्याच्या हमीच्या गाड्यांची वेगळी यादी असते. तुमचा परतीचा दिवस शुक्रवारच आहे, तेव्हा रोमची गाडी सकाळची घ्या आणि निघण्याच्या आठवड्यात संपाची यादी एकदा नक्की बघा. तिसरी गोष्ट, वार. नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असतं आणि काझेर्ताचा राजवाडाही मंगळवारीच. हे एकदा लक्षात ठेवलं की अर्धा गोंधळ संपतो.

चौथी गोष्ट सासूबाईंचे गुडघे. ही सर्वात महत्त्वाची, कारण नेपल्सच्या आसपास सगळं चढउतारावर वसलंय. ‘थोडं चालावं लागेल’ असं कोणी म्हणालं तर विचारा, सपाटीवर की पायऱ्यांवर? पेस्तुम सपाट आहे. काझेर्ताची बाग लांबच लांब आहे, पण तिथे आत फिरणारी बस मिळते. अमाल्फी गावाचा बंदराजवळचा भाग सोपा आहे. पोझितानो म्हणजे मात्र निव्वळ पायऱ्या. तिथे बोटीतून उतरून किनाऱ्यावर बसून चहा-कॉफी घेणं वेगळं आणि गाव पाहणं वेगळं.

आता एकेक दिवस घेऊ.

पॉम्पेईपासून सुरुवात करते, कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त बोलायचंय. इथे नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं. म्हणून तिकीट आधी काढा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. १८ वर्षांखालच्या मुलांना सरकारी संग्रहालयांत आणि उत्खननस्थळांवर प्रवेश मोफत आहे, मग देश कोणताही असो. तरी मुलीचं शून्य किमतीचं तिकीट घ्यावंच लागतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनाच मोफत असतं आणि त्या दिवशी गर्दी आवरत नाही. तुमच्या तारखांत तो रविवार येत नाही, हे चांगलंच झालं.

जायचं चिर्कुमव्हेसुव्हियानाने. ही व्हेसुव्हियसला वळसा घालत जाणारी लोकल रेल्वे. नेपल्सच्या मुख्य स्टेशनाखाली गारिबाल्दी नावाचं तिचं स्टेशन आहे. सोरेंतोची गाडी धरायची आणि ‘पॉम्पेई स्काव्ही – व्हिला देई मिस्तेरी’ला उतरायचं. साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं. पोर्ता मरीना हे प्रवेशद्वार स्टेशनाबाहेरच आहे. पॉम्पेई नावाची स्टेशनं आणखीही आहेत: याच रेल्वेच्या दुसऱ्या फाट्यावर एक आणि सरकारी रेल्वेचं एक. ती दोन्ही आजच्या पॉम्पेई गावात आहेत, म्हणजे उत्खननाच्या दुसऱ्या टोकाला, अँफिथिएटरच्या बाजूला. ‘पॉम्पेई’ एवढंच वाचून गाडीत चढू नका. मात्र संपाच्या दिवशी हीच दोन-दोन स्टेशनं कामाला येतात, कारण दोन्ही रेल्वे वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत आणि संप कधी एकीचा असतो, कधी दुसरीचा. लोकलमध्ये गर्दी होते, बसायला जागा मिळेलच असं नाही, आणि पाकीटमार या गर्दीवरच जगतात. पर्स पुढे, मोबाइल आत. सासूबाईंसाठी हंगामात धावणारी कंपानिया एक्स्प्रेस बघा. तिचं तिकीट महाग आहे, पण बसायला जागा मिळते आणि गाडी वातानुकूलित असते.

सासूबाई बरोबर असतील तर मी पोर्ता मरीनाऐवजी पियात्सा अँफितिआत्रो हे प्रवेशद्वार सुचवते. तिथून गुडघेदुखीच्या आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसांसाठी बराच सपाट केलेला मार्ग सुरू होतो आणि तो शहराच्या मुख्य भागातून जातो. बाकी पॉम्पेईचे रस्ते ज्वालामुखीच्या काळ्या दगडांचे, उंचसखल, आणि दोन दगडांच्या फटीत पाय अडकेल असे. बूट नीट घाला, सँडल नको. सावली जवळपास नाही. प्यायच्या पाण्याचे नळ रस्त्यांवर ठिकठिकाणी आहेत, बाटली रिकामी झाली की भरून घ्या. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत.

आत काय पाहायचं याची लांबलचक यादी करू नका. शहर ६० हेक्टरांहून मोठं आहे आणि त्याचा सुमारे तिसरा हिस्सा अजून मातीखालीच आहे. तीन तासांत जेवढं होईल तेवढं. मुलीसाठी मी एक गोष्ट हमखास सांगते: बेकरी शोधा. पोपिदियस प्रिस्कसच्या बेकरीच्या अंगणात लाव्हाच्या दगडाची कंबरेएवढी जाती उभी आहेत. खालचा दगड शंकूसारखा, वरचा दोन्हीकडून उघडा आणि मध्ये निमुळता. वरून गहू ओतायचा आणि लाकडी दांडा घालून गाढवाने किंवा गुलामाने फिरवायचा. शेजारी विटांची भट्टी. पॉम्पेईत आणि त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या शेजारच्या हर्क्युलेनियममध्ये कोळसा झालेले पावही मिळालेत, गोल, आठ फाकींच्या खुणा केलेले. मग रस्त्यावर या. आडवे ठेवलेले उंच दगड दिसतील. रस्त्यातल्या पाण्यात आणि घाणीत पाय न भिजवता पलीकडे जायला ते ठेवलेत. दोन दगडांमधून गाडीची चाकं जायची, आणि त्या चाकांनी दगडात पडलेल्या चाकोऱ्या बोटाने चाचपता येतात. इतिहासाच्या तासात मुलांना जे कंटाळवाणं वाटतं ते इथे पंधरा मिनिटांत कळतं.

पॉम्पेईला गाडणारा व्हेसुव्हियसचा इसवी सन ७९ मधला उद्रेक नेमका कधीचा, हेही मुलीला सांगा. परंपरेने तारीख २४ ऑगस्ट मानतात. पण २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ मिळाली. तिच्यावर मध्य ऑक्टोबरची तारीख आहे, आणि कोळशाचं लिखाण फार टिकत नाही. त्यामुळे उद्रेक त्याच वर्षीच्या शरदात झाला असावा, असं आता बरेच अभ्यासक मानतात.

हा अर्धा दिवस झाला. जेवून दुपारी परत या आणि सासूबाईंना झोपू द्या. संध्याकाळी समुद्रकाठच्या रस्त्यावर चाला, तिथून व्हेसुव्हियसची दोन शिखरं समोरच दिसतात. सोरेंतो गाळा. गाव सुंदर आहे, पण तिथे मुक्काम करण्यात मजा आहे. धावत जाऊन धावत येण्यात पदरी काही पडत नाही.

मंगळवार आणि बुधवार हे दोन दिवस मी समुद्राचे म्हणून ठेवेन आणि कुठला दिवस कुठे, हे आदल्या संध्याकाळी ठरवेन. एक दिवस अमाल्फी, एक दिवस बेट. समुद्र खवळला तर पर्याय तयार हवा, आणि इथेच वार कामी येतो: मंगळवारी हवा बिघडली तर पेस्तुमला जा, कारण काझेर्ता बंद आहे, बुधवारी बिघडली तर दोन्हींपैकी कुठेही. म्हणूनच बोटीची तिकिटं दोन महिने आधी काढू नका. सप्टेंबरअखेर गर्दी असते, पण ऑगस्टसारखी नाही. आदल्या दिवशी तिकीट काढलं तरी सहसा मिळतं.

अमाल्फी किनाऱ्यासाठी गाडी घेऊ नका, हे अगदी कळकळीने सांगते. तुमच्या यजमानांना चालवण्याची हौस आहे असं तुम्ही लिहिलंय, पण त्या रस्त्यावर चालवणाऱ्याला समुद्र दिसतच नाही; त्याला फक्त पुढची बस दिसते. रस्ता अरुंद, एका बाजूला कडा, एका बाजूला कठडा, आणि समोरून बस आली की कोणीतरी मागे घ्यायचं. हंगामात ठरावीक दिवशी बाहेरच्या गाड्यांना सम-विषम क्रमांकांचा नियम असतो. पार्किंग मिळालं तरी त्याचे दर डोळे पांढरे करतात. नेपल्सच्या जुन्या भागात रहिवाशांखेरीज इतरांच्या गाड्यांना बंदीचे पट्टे आहेत. कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दंड गाडी देणाऱ्या कंपनीमार्फत महिन्यांनंतर घरी येतो. शिवाय भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो.

त्याऐवजी नेपल्सहून रेल्वेने सालेर्नो गाठा, पाऊण तासाच्या आतबाहेर. सालेर्नोच्या स्टेशनाहून चालत पाच-सात मिनिटांवर पियात्सा देल्ला कोंकोर्दियाचा धक्का आहे. तिथून बोट अमाल्फीला साधारण पस्तीस मिनिटांत नेते. बहुतेक लोक सोरेंतोकडून बसने येतात आणि वळणावळणाच्या रस्त्यावर मळमळत उतरतात. सालेर्नोचा हा मार्ग फार कमी लोकांना ठाऊक असतो. जाताना बोटीत उजवीकडे बसा. आधी व्हिएत्री दिसेल, चिनीमातीच्या भांड्यांचं गाव, मग चेतारा, मायोरी, मिनोरी, आणि डोंगराच्या पोटात पायऱ्या पायऱ्यांनी लावलेल्या लिंबाच्या बागा, वरून काळी जाळी घातलेल्या. हा किनारा समुद्रातूनच पाहायचा असतो. गावं समुद्राकडे तोंड करून बसलीत. रस्ता नंतर आला.

अमाल्फीला उतरल्यावर सासूबाईंना चर्चसमोरच्या चौकात बसवा. वर जायला बासष्ट पायऱ्या आहेत, त्या खालून बघण्यातही आनंद आहे. तुम्ही तिघं चढून या. रावेल्लो पाहायचंच असेल तर अमाल्फीहून टॅक्सी करा, बसची रांग मोठी असते. वर गेल्यावर व्हिला रुफोलोच्या बागेतून खालचा समुद्र दिसतो. पण मग पोझितानो सोडा. तीन गावं एका दिवसात नकोत. मला विचाराल तर सासूबाईंसह अमाल्फी आणि रावेल्लो, एवढंच पुरेसं. सालेर्नोची परतीची बोट चारच्या सुमाराची धरा. समुद्र फारसा वाईट नसेल पण बोटी बंद असतील, तर सालेर्नो ते अमाल्फी बस आहेच, सव्वा तास गृहीत धरा.

बेटाचा दिवस. काप्रीबद्दल तुमच्या मनात फार आहे असं दिसतं, तर जा. काप्री देखणी आहे यात शंका नाही. मोलो बेव्हेरेल्लोहून वेगवान बोट पन्नासेक मिनिटांत पोहोचते. समुद्र लागत असेल तर पोर्ता दी मास्साच्या धक्क्यावरून मोठी, संथ फेरीबोट घ्या. वेळ जास्त लागतो पण ती कमी हलते. बंदरातून वर गावात जायला केबलवर चालणारी छोटी रेल्वे आहे, सासूबाईंना ती जमेल. अनाकाप्रीहून मोंते सोलारोच्या शिखरावर जायला दोरावरून सरकणारी उघडी खुर्ची आहे, एकेका माणसाची, आणि चालत्या खुर्चीत बसावं-उतरावं लागतं. सासूबाईंनी खाली थांबावं. काप्रीच्या समुद्रकाठच्या निळ्या गुहेचा आग्रह धरू नका. थोडी लाट असली तरी ती बंद करतात, तोंड इतकं बुटकं आहे की होडीत आडवं पडून आत जावं लागतं, आणि मोठ्या बोटीतून छोट्या होडीत उतरणं दुखऱ्या गुडघ्यांचं काम नाही. सकाळची पहिली किंवा दुसरी बोट घ्या आणि परतीचं तिकीट उतरल्या उतरल्या पक्कं करा. दुपारी चार ते सहा सगळं जग एकदम परतत असतं.

पण मी माझ्या गटांना अलीकडे काप्रीऐवजी प्रोचिदाला नेते. चार चौरस किलोमीटरचं बेट, मासेमारांचं, २०२२ मध्ये इटलीची सांस्कृतिक राजधानी होतं. कोरिचेल्ला नावाच्या जुन्या बंदरावर पिवळी, गुलाबी, फिकट निळी घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत, आणि त्यांच्या पुढ्यात जाळी दुरुस्त करणारी माणसं बसलेली असतात. दुकानं कमी, घाई कमी, आणि जेवण काप्रीच्या मानाने बरंच स्वस्त. कोरिचेल्लाला उतरायला पायऱ्या आहेत, पण वरून दिसतं ते दृश्यच त्या गावाचं सर्वोत्तम आहे. बंदरावरून बस आणि टॅक्सी मिळते. ‘काप्रीला जाऊन आलो’ असं घरी सांगायचं नसेल, तर प्रोचिदा.

गुरुवारी कुटुंबाचे दोन भाग करा, असं माझं ठाम मत आहे. सगळ्यांनी सगळं एकत्र पाहायचं हा आपल्याकडचा शिरस्ता आहे, आणि त्यापायी आजीची फरफट होते आणि नात कंटाळते. मुलगी ज्वालामुखीच्या गोष्टी वाचते असं तुम्ही लिहिलंय. मग बापलेकींनी सकाळी त्याच लोकलने एर्कोलानो गाठावं, वीसेक मिनिटांत येतं. तिथून व्हेसुव्हियसची बस मिळते. पर्वत १२८१ मीटर उंच. बस साधारण १००० मीटरपर्यंत नेते, पुढे भुसभुशीत राखेच्या वाटेवर वीस-तीस मिनिटांची चढण. विवराच्या काठावरून कधीकधी वाफ निघताना दिसते. शेवटचा उद्रेक मार्च १९४४ मध्ये, महायुद्ध चालू असताना झाला. विवराच्या वाटेचं तिकीट वेळेनुसार आधी ऑनलाइनच काढावं लागतं, तिथे जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. उतरल्यावर एर्कोलानोतलंच हर्क्युलेनियम पाहा. पॉम्पेईपेक्षा खूप लहान, पण इथे तापलेल्या राखेच्या लोंढ्यात लाकूड जळून न जाता कोळसा होऊन टिकलंय: दारं, तुळया, एक पलंगसुद्धा. जुन्या किनाऱ्यावरच्या कमानींत बोटींची वाट पाहत थांबलेल्या सुमारे तीनशे माणसांचे सांगाडे मिळाले. मुलीला ते दाखवायचं की नाही, हे बाबांनी ठरवावं.

तेवढ्या वेळात तुम्ही आणि सासूबाई पुरातत्त्व संग्रहालयात जा. पॉम्पेईची भित्तिचित्रं आणि मोझेक तिथे आहेत. घरांमध्ये दिसतात त्या बऱ्याच ठिकाणी नकला आहेत. आणि तिथे एक वस्तू आहे जिच्यासाठी मी प्रत्येक मराठी माणसाला आवर्जून नेते. हस्तिदंताची, वीतभर उंचीची एक स्त्री. एक पाय दुसऱ्यावर आडवा, हात मागे नेऊन दागिना सावरतेय, दोन बाजूंना दोन छोट्या सेविका, गळ्यात आणि पायांत भरगच्च दागिने. १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात पॉम्पेईच्या एका घरात ती मिळाली. तिला पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात, पण ती यक्षी असावी असं बहुतेकांचं मत. आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळालेल्या हस्तिदंती मूर्तींशी तिचं जवळचं नातं अभ्यासकांनी दाखवलंय. सातवाहनांच्या काळात दख्खनचा माल पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून तांबड्या समुद्रात आणि पुढे अलेक्झांड्रियाला जायचा, तिथून इटलीत पुतेओलीला. ते पुतेओली म्हणजे नेपल्सशेजारचं आजचं पोत्सुओली. मूर्ती ‘गुप्त दालना’त ठेवलेली असते. तिथल्या बाकीच्या कलाकृती कामुक विषयाच्या आहेत, आणि दालन कधीकधी बंद असतं, म्हणून तिकीट काढतानाच चौकशी करा.

पोत्सुओलीचं नाव निघालं म्हणून: संध्याकाळी वेळ उरला तर मेट्रोच्या दोन क्रमांकाच्या मार्गाने तिथे जाता येतं. रोमन बाजाराचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत आणि त्यांच्यावर माणसाच्या उंचीहून वर, समुद्रातल्या शिंपल्यांनी पाडलेल्या भोकांचा पट्टा आहे. म्हणजे ही जमीन समुद्रात बुडाली होती आणि पुन्हा वर आली. ती आजही हलते. १९८२ ते ८४ मध्ये पावणेदोन मीटरच्या आसपास वर उचलली गेली आणि गेल्या काही वर्षांत पुन्हा वर येते आहे. छोटे धक्के नेपल्समध्येही जाणवतात, स्थानिक लोक त्याला सरावलेत. सोल्फातारा हे धुमसतं विवर पाहायचा सल्ला जुन्या लेखांत सापडेल. ते २०१७ च्या अपघातापासून बंद आहे.

पेस्तुम आणि काझेर्ता पर्यायी दिवसांसाठी ठेवलेत, पण दोन्ही दुय्यम नाहीत. पेस्तुमला सपाट गवतावर तीन ग्रीक मंदिरं उभी आहेत, इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकातली. नेपल्सहून प्रादेशिक रेल्वेने सव्वा तास आणि स्टेशनाहून दहा मिनिटं चालणं. पाऊस पडून गेल्यावर तिथे गेलात तर काप्रीची आठवणही येणार नाही. वाटेत म्हशींचे गोठे दिसतील; खरा मोझरेल्ला तिथलाच. काझेर्ताला राजवाडा स्टेशनासमोरच आहे.

हॉटेल अजून ठरलं नसेल तर म्युनिचिपियो किंवा तोलेदो मेट्रोजवळ घ्या. बोटीचा धक्का चालत, आणि रेल्वे स्टेशन मेट्रोच्या एका नंबरच्या मार्गाने सरळ. मुक्काम १९ सप्टेंबरला येत असेल तर त्या दिवशी शहराचे संरक्षक संत जेन्नारो यांचा उत्सव असतो. जुन्या शहरात फार गर्दी असते, त्या सकाळी बाहेरगावी जाणंच सोयीचं.

जेवणाची चिंता करू नका, फक्त काही ठिकाणी जागरूक राहा. मार्गेरिता आणि बिनचीजचा मरीनारा पिझ्झा इथे कुठेही मिळतो आणि उत्तम मिळतो. वांग्याचा पार्मिजाना, घेवड्याचा पास्ता, टोमॅटो-तुळशीचा पास्ता चालेल. वाळवलेल्या पास्त्यात अंडं नसतं, ताज्या पास्त्यात बरेचदा असतं. घेवड्याच्या आणि बटाट्याच्या पास्त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे घालायची पद्धत आहे, म्हणून आधी विचारा. तळलेल्या पिझ्झ्यात तेच. आणि जिथे कोणाला संशयही येत नाही ती गोष्ट म्हणजे तराल्ली, रस्त्यावर मिळणारी मिरी-बदामाची खुसखुशीत कडी. नेपल्सची पारंपरिक तराल्ली डुकराच्या चरबीत मळतात, आणि स्फोल्यातेल्ला या कुरकुरीत पदरांच्या गोड पदार्थातही तीच चरबी असते. दुकानात ‘सेन्त्सा स्त्रुत्तो’ म्हणून विचारा. चरबीविना केलेलीही मिळते. पार्मेजान चीजमध्ये प्राण्याचं रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं विरजण, असतं. सासूबाई ते पाळत असतील तर ‘सेन्त्सा फोर्माज्जो’ (चीज नको) म्हणून आधीच सांगा, कारण ते किसून वरून घातलेलंच येतं.

आत्ता पक्क्या करायच्या गोष्टी एवढ्याच: सोमवारचं पॉम्पेई, गुरुवारचं व्हेसुव्हियस आणि रोमच्या दोन्ही गाड्या. बोटी आणि पेस्तुम तिथे गेल्यावर, हवा बघून. मुक्कामाच्या नेमक्या तारखा आणि सासूबाईंना एका दमात किती चालवतं ते कळवलंत, तर सालेर्नोच्या बोटींच्या वेळा धरून अमाल्फीचा दिवस मी तासातासाने मांडून देते.